शिवायचं मात्र तू

३ ऑगस्ट

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला भुंग्या म्हणू नये हे मला कळतं. पण लहानपणी दिवसभर तू माझ्या कानाशी गुणगुणत असायचास, त्याला मी काय करू? आणि गेलं वर्षभर तू इतका गप्प आहेस, की जुन्या नावानं हाक मारली तर निदान चिडून तरी बोलशील अशी आशा आहे.

फोन मुद्दामच करत नाही. माझा आवाज ऐकला की तू "हं, बोल" म्हणतोस, आणि मी बोलायला लागले की "कामात आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही. फार तर तू ते न वाचता टेबलावर टाकशील, मग तुझी बायको वाचेल आणि जेवताना तुला ऐकवेल. ती शहाणी आहे. तिला आणि लेकीला माझी आठवण सांग.

मी बरी आहे. उजवा खांदा धरलाय, हात डोक्याच्या वर जात नाही, त्यामुळे केस विंचरणं म्हणजे एक कसरत होऊन बसली आहे. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. मी म्हटलं, डॉक्टर, माझं कामच वजन उचलायचं आहे, आणि ज्यांना मी उचलते ते स्वतः जराही मदत करत नाहीत. ते हसले नाहीत. आमच्या विभागातले विनोद बाहेर चालत नाहीत, हे मी एवढ्या वर्षांत शिकायला हवं होतं.

दुकान अजून तसंच आहे. शटर बंद, आत मशीन, कापडाचे तुकडे, आणि तो बिनमुंडक्याचा पुतळा, ज्याला तू लहानपणी घाबरायचास. मी रोज दुकानासमोरून वर खोलीत जाते आणि रोज म्हणते, रविवारी आवरायला घेऊ. रविवारी झोपून राहते.

मागच्या आठवड्यात समोरचे घड्याळजी आले. म्हणाले, "ताई, अप्पांनी माझी एक पँट आखूड करायला घेतली होती. घाई नाही हं." अप्पांना जाऊन वर्ष झालं आणि म्हणे घाई नाही! शटर उघडून शोधली, तर सापडली. खाली काठाशी अप्पांची खडूची रेघ होती, जराही पुसली नव्हती. अप्पा हात झटकून रेघ मारायचे, तशीच. मी म्हटलं, आता हे काम आपणच पुरं करावं. बसले मशीनवर. आधी कच्चा टाका घालायला सुई घेतली, आणि भुंग्या, दोरा काही ओवला जाईना. चष्मा लावून बघितला, काढून बघितला, दोऱ्याचं टोक चाटून चाटून जीभ कोरडी पडली. शेवटी घड्याळजींनीच त्यांचं ते डोळ्याला लावायचं भिंग आणून ओवून दिला.

तेव्हा तुझी आठवण आली. अप्पांची नजर अधू झाली तेव्हा ते तुझं काम होतं. शाळेत जाण्याआधी तू मशीनशेजारच्या सुया टोचायच्या गादीवरच्या सगळ्या सुया ओवून ठेवायचास, म्हणजे तू नसताना दिवसभर अप्पांचं अडायला नको. लाल, काळ्या, पांढऱ्या शेपट्या लोंबत असायच्या. शिवण तुला कधी आली नाही, पण ओवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं.

पँट अप्पांच्या रेघेवर बरोबर कापली, तर घड्याळजींना ती लांब झाली. वर्षभरात तेच वाकलेत. मी म्हटलं, द्या परत, अजून बोटभर आत घेते. ते म्हणाले, "असू दे, अप्पांच्या मापाची आहे." आणि पँट खालून दुमडून घालून गेले. हे मी अप्पांना सांगितलं तेव्हा

काय लिहून गेले! सवय. सोडून दे.

मेडिकल कॉलेजात महिनाअखेर पहिल्या वर्षाची नवी पोरं येतायत. हॉल धुऊन झाला, टेबलं घासून झाली. यंदाही दान दिलेले देह कमी आहेत. मागच्या वर्षी एकेका टेबलाभोवती पोरांची अशी दाटी झाली होती की मागच्यांना समोरच्यांच्या पाठीच दिसायच्या. आमच्या विभागाच्या मॅडमनी त्यावरून मला एक गोष्ट विचारली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

दोन दिवस येऊन जातोस का? दुकान एकटीनं आवरवत नाही. खांद्याचं निमित्त आहे, ते तू ओळखशीलच. आलास तर बरं होईल. आणखी एक सांगायचं होतं, पण नमनालाच घडाभर तेल गेलं आणि आता हातही दुखायला लागला.

तुझी,
ताई


१४ ऑगस्ट

प्रिय भुंग्या,

आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "दुकान तूच आवर, तुला सगळं आवरता येतं. अप्पांचं जे काही उरलं असेल ते कधी ताब्यात देणार, तेवढं कळव."

मी ते जिन्यात वाचलं आणि तिथंच खाली बसले. रागानं नाही. तुझा राग मला पाठ आहे. अप्पा गेले तेव्हा तू सकाळच्या गाडीनं आलास, धावत जिना चढलास, आणि पलंग रिकामा. देह टिकवायचं औषध भरायचं तर काही तासांतच भरावं लागतं, तुझ्यासाठी थांबले असते तर अप्पांनी देह देऊन उपयोग झाला नसता. हे मी तेव्हाही सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तू जिन्यात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलास, "माणसं कामावर डबा नेतात, हिनं बापाला नेलं!" शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मला त्या वेळी रडू यायच्या ऐवजी वाटलं, वाक्य चांगलं आहे. अप्पांना सांगायला पाहिजे.

आता ऐक. मागच्या पत्रात मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. आता बाहेर काढते.

अप्पांचं काही उरलंय असं नाही. अप्पा सगळेच्या सगळे आहेत.

त्यांना कुणी हात लावलेला नाही. औषध भरायला मांडीत मी घेतलेली बोटभर चीर सोडली तर अंगावर एक ओरखडा नाही, आणि ती चीर मी तेव्हाच शिवली. वर्षभर ते आमच्या विभागाच्या मागच्या खोलीतल्या टाकीत आहेत आणि मी त्यांची राखण करतेय. तू तिकडे मनात रोज त्यांना कापताना मला पाहत असशील. इकडे मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत होते.

मुद्दाम असं ठरवून केलं नाही. सुरुवातीला मॅडमना म्हटलं, औषध अजून नीट मुरलं नाही. ते खरंही होतं. मग पोरांची परीक्षा आली. मग मी म्हटलं, देह फार कृश आहे, शिकवायला बरा नाही. ते खोटं होतं. शिकवायला कृश माणूसच सोपा, हे मॅडमना माझ्याहून जास्त माहीत. पण त्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघून नुसतं "बरं" म्हणाल्या.

तुला माहीत आहे, मी आमच्या माणसांशी बोलते. हात उचलायच्या आधी सांगते, "हात उचलते हं." कूस बदलायच्या आधी सांगते. कुणी शिकवलं नाही, पण न सांगता कुणाच्या अंगाला हात लावणं मला जमत नाही, मग तो ऐकत असो की नसो. अप्पांशी मात्र गप्पाच व्हायला लागल्या. कोण गिऱ्हाईक भेटलं, कुणाची पँट लांब झाली, भुंग्यानं फोन ठेवला. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथं जाऊन बसायला लागले. नाक मुरडू नकोस. तो वास मला आता येतच नाही.

आणि हे सगळं करताना दुसऱ्यांच्या घरच्यांना मी काय सांगत होते? एक बाई आहेत, शाळेत शिकवायच्या. त्यांच्या नवऱ्याचा देह त्यांनी गेल्या वर्षी दिला. त्या मधूनमधून विभागाच्या दाराशी येतात, आत येत नाहीत. मला विचारतात, "पोरं नीट वागतात ना त्यांच्याशी?" मी म्हणते, "अगदी जपून वागतात. दिलेला देह वाया जात नाही, बाई." त्यांना बरं वाटतं, त्या जातात. आणि मी मागच्या खोलीत जाऊन माझा बाप वाया घालवत बसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

मागच्या महिन्याच्या शेवटी मॅडम स्वतः त्या खोलीत आल्या. माझा डबा उघडा होता. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "वर्षभर मी तुम्हाला विचारलं नाही. आता नवी मुलं येतायत, म्हणून विचारते. तुमचे वडील इथं तुमच्यासाठी आले होते, की मुलांसाठी?" मी डब्याला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "नसेल जमत तर नाही जमत. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरच्यांनी मागितलं तर आपण आजही देह परत देऊ शकतो. पण टाकीत ठेवून तुम्ही त्यांना ना घरचं राहू दिलंत, ना इथलं."

आता तुला कळलं असेल मॅडमना कसलं उत्तर द्यायचं आहे. आणि तुला लिहायला मी एवढी का कचरत होते तेही. मी नुसतं लिहायचं, "भुंग्या, अप्पा अख्खे आहेत, ने त्यांना घरी." तू रात्रीच्या गाडीनं येशील. दोघं मिळून त्यांना निरोप देऊ. तू माझ्याशी बोलायला लागशील. लेकीला घेऊन सुट्टीत येशील. मला हे इतकं हवंय, की कामावरून येताना जिना चढत मी ते मनातल्या मनात बघते. खोटं कशाला बोलू?

फक्त अप्पांचं काय करू?

तुला त्यांनी कधी सांगितलं की नाही मला ठाऊक नाही, म्हणून मला जे म्हणाले ते लिहिते. आई गेल्यानंतरची गोष्ट. मी दुकानात बसले होते, ते कुणाचा तरी कोट उसवत होते. मी आमच्या पोरांचं काहीतरी सांगत होते, की पुस्तकात बघून त्यांना सगळं येतं आणि प्रत्यक्षात यकृत कुठल्या बाजूला ते विसरतात. अप्पा म्हणाले, "मी कोट कसा शिकलो ठाऊक आहे? मालकानं एक जुना कोट पुढ्यात टाकला. म्हणाला, पूर्ण उसव. एक तुकडा फाडायचा नाही. मग परत शिव. कोट बाहेरून बघून काय कळतंय गं? अस्तर आत, खांद्याची गादी आत, सगळी करामत आत. उसवल्याशिवाय शिवण कळत नाही." मग बराच वेळ कात्रीच्या टोकानं टाके उचलत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या पोरांनाही कुणीतरी जुना कोट द्यायला हवा की."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, अप्पा. जुना कोट काय म्हणता स्वतःला!"

"मग काय नवा आहे? कोपरं बघ, पार विरलीत." आणि हसले.

आमच्याकडे पद्धत आहे, वर्ष संपलं की प्रत्येक देह पुन्हा शिवायचा, ज्याचं त्याला परत द्यायचं, धुऊन स्वच्छ चादरीत गुंडाळायचं आणि मगच निरोप. हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले, "मग माझी एक अट. उसवू देत पोरांना. शिवायचं मात्र तू. पोरं लांब लांब टाके घालतात." मी हो म्हटलं. हसत म्हटलं, पण म्हटलं. म्हणून तर ते गेले तेव्हा मॅडम त्यांना दुसऱ्या कॉलेजात पाठवूया म्हणत होत्या तेव्हा मी नको म्हणाले.

शिवायचं कबूल केलं, आणि उसवूच देत नाहीये. अशी मी.

मी दमलेय रे. कामाची दमणूक मला नवी नाही, ती झोपलं की जाते. ही राखणीची दमणूक आहे. आणि आता मला एकटीनं ठरवायचं नाही. एक ठरवायला जाते तेव्हा तुझा चेहरा पुढे येतो, दुसरं ठरवायला जाते तेव्हा त्यांचा.

पंचवीस तारखेला पोरं पहिल्यांदा हॉलमध्ये येतील. त्याच्या आधी ये. तुझं त्यांचं तोंड बघायचं राहिलं, ते माझ्यामुळे राहिलं, ते तेवढं तरी मी तुला देऊ शकते. रंग थोडा काळवंडलाय, गाल आत गेलेत, पण अप्पाच आहेत. घाबरू नकोस. मी शेजारी असेन.

मग काय ते दोघं बोलू.

तुझ्या उत्तराची नाही, तुझीच वाट बघणारी,
ताई


२८ ऑगस्ट

प्रिय भुंग्या,

अनेक आशीर्वाद. नीट पोचलास असं समजते. गाडीत बसायला जागा मिळाली का, हे विचारायची खरं तर सोय राहिलेली नाही, तरी विचारते.

पंचवीस तारखेचं सगळं तुला माहीत आहे आणि अर्धं माहीत नाही. माहीत आहे तेही मी लिहिणार आहे, कारण तुझ्या मनात ते वेगळं बसलं असेल.

तू हॉल उघडण्याआधी आलास. मॅडमनी तुला पाणी विचारलं, तू मान हलवलीस. मी चादर गळ्यापर्यंतच खाली केली. मला वाटलं तू पडशील, म्हणून मी तुझ्या मागे उभी राहिले. आणि मग तू म्हणालास, "मिशी कुणी कापली?"

"मी."

"डावीकडे जास्त कापलीस."

"खांदा धरलाय ना."

तू हसलास, भुंग्या. नाही म्हणू नकोस, मी बघितलं. वर्षभरात मी पहिल्यांदा श्वास सोडला. मग तू त्यांच्या कपाळाला हात लावलास, आणि लावायच्या आधी हळूच "अप्पा, हात लावतो" म्हणालास. ते तुला कुणी शिकवलं?

मग म्हणालास, "चल ताई. घरी नेऊ यांना."

तुला वाटतंय मी लगेच "नाही" म्हणाले. तसं नाही. माझ्या तोंडात "हो" आलं होतं, अगदी ओठापर्यंत. मॅडमना हाक मारायला मी वळलेही होते. पण मी वळले तेव्हा तू म्हणालास, "पोरांना काय, दुसरं कुणीतरी देईल बाप."

तुझा दोष नाही. ते वाक्य तुझं नव्हतंच, माझं होतं. वर्षभर मी तेच मनात म्हणत होते, फक्त शब्द न उच्चारता. दुसऱ्याचा बाप चालेल. त्या शाळेतल्या बाईंचा नवरा चालेल. आपला तो बाब्या. मनात होतं तोवर ते माया वाटत होतं. तुझ्या तोंडून मोठ्यानं ऐकलं आणि मला त्याची शिसारी आली. तुझी नाही, त्या वाक्याची. म्हणून मी नाही म्हणाले. आणि इतकं तडकाफडकी म्हणाले, की तुला वाटलं असणार, ही आधीच ठरवून बसली होती, मला नुसतं बोलावून घेतलं.

त्यानंतर व्हरांड्यात तू जे बोललास ते लिहीत नाही. मीही काही कमी बोलले नाही. "संबंध संपला" म्हणालास, दुकानाची किल्ली मागितलीस, संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथं बसतो म्हणालास, आणि गेलास. माझ्या पाठीमागे पोरं जिना चढत होती, नवे कोरे पांढरे कोट, घडीच्या खुणा अजून मोडल्या नव्हत्या. मला तुझ्या मागे यायचं होतं. मी हॉलमध्ये गेले.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

आमच्याकडे पहिल्या दिवशी चादर काढण्याआधी मी प्रत्येक टेबलापाशी उभी राहून त्या माणसाविषयी एक वाक्य सांगते. नाव सांगत नाही, काम सांगते. हे गवंडी होते. या परिचारिका होत्या. म्हणजे पोरांना कळतं की ही वस्तू नाही, इथं कुणीतरी आलंय. मी सगळी टेबलं केली. अप्पांचं शेवटी ठेवलं. तिथं उभी राहिले आणि त्यांच्या चादरीची कड सारखी करत राहिले. पोरं माझ्याकडे बघतायत. मॅडम दुरून बघत होत्या, पण पुढे आल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मी म्हटलं, "हे शिंपी होते." मग म्हटलं, "यांचं म्हणणं होतं, उसवल्याशिवाय शिवण कळत नाही. तेव्हा नीट उसवा. फाडू नका."

कुणी हसलं नाही. एका मुलीनं चादरीखालचा त्यांचा हात आधी आपल्या हातात घेतला, नुसताच धरला, आणि त्यांच्या पहिल्या बोटाच्या टोकावरून अंगठा फिरवत मला विचारलं, "इथं कातडी एवढी जाड का झालीय?" मी म्हटलं, "सुई टोचून टोचून." तिनं इतरांनाही ते बोट दाखवलं. सगळ्यांनी आळीपाळीनं हात लावून बघितला. अप्पांच्या बोटाकडे एवढ्या लोकांनी एवढं लक्ष देऊन कधी बघितलं असेल असं वाटत नाही, आपण दोघांनी तर नाहीच.

मग पहिली रेघ मारायची वेळ आली. मी पुतळ्यासारखी तिथंच उभी. त्या मुलीनं चाकू उचलला. मी म्हटलं, "अप्पा, सुरू करतायत हं." मुलीला वाटलं मी सगळ्यांनाच अप्पा म्हणते. वाटू दे.

मी पूर्ण वेळ थांबले. रडले नाही. वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि त्याच वेळी खांद्यावरचं काहीतरी उतरलं. धरलेला खांदा नाही, तो आहे तसाच आहे.

पण घरी येताना पाय ओढत आले, कारण एक गोष्ट मी केली होती आणि त्याबदल्यात दुसरी गमावून बसले होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मनात आलं, शटर उघडं असेल. असेल आणि तू आत पुतळ्याशी भांडत बसला असशील. शटर बंद होतं. किल्ली चौकटीवर. घड्याळजी म्हणाले, "भाऊ मघाशीच गेले. दुपारभर आत होते, काही आवाज नाही. मी चहा दिला तर नुसता हात बाहेर आला."

मी शटर उघडलं. म्हटलं, निदान काहीतरी आवरून गेला असेल. काही आवरलं नव्हतंस. सगळं होतं तसं, धुळीसकट. मशीनपाशी जाऊन बसले. दिवा लावला.

गादीवरच्या सगळ्या सुया ओवलेल्या होत्या.

एकूण एक. लाल, काळ्या, पांढऱ्या शेपट्या. जुन्या गंजलेल्या सुयासुद्धा तू पुसून ओवल्या होत्यास. आणि सगळ्यांच्या मागे ती मोठी सुई, जाड कापडाची, अप्पा वर्षातून एखाद्या वेळी काढायचे ती. तिच्यात जाड पांढरा दोरा, दुहेरी, मेण लावून. हे मेण तुला कुठं सापडलं? मी वर्षभर शोधत होते.

ती मोठी सुई तू कशासाठी ओवलीस, ते मी विचारत नाही. साध्या शिवणकामात ती लागत नाही हे तुला माहीत आहे. मी तिथं बसून इतकी रडले की घड्याळजी दोनदा शटरपाशी येऊन खाकरून गेले.

ती सुई मी गादीवरून हलवलेली नाही. वर्ष संपलं की तिनंच अप्पांना शिवीन, बारीक टाक्यांनी, त्यांना खोड काढायला जागा ठेवणार नाही. पण भुंग्या, एका दोऱ्यात ते काम होणार नाही. दोरा संपेल, मध्येच तुटेल, आणि पुन्हा ओवायला मला दिसणार नाही. आणि त्या खोलीत मी घड्याळजींना त्यांचं भिंग घेऊन बोलावणार नाही.

तेवढं काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. तुझं आहे, तुझंच राहू दे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली, आणि ते डोळेही धड नसलेली,

तुझी
ताई